साठ आठळ्यांची उठवणी

एका जंगलात एक धनेश पक्षी राहत होता. त्याची चोच केवढी! आणि त्या चोचीवर आणखी एक टोपरं. त्यामुळे त्याने तोंड उघडायच्या आधीच सगळ्यांना वाटायचं, आता हा काहीतरी महत्त्वाचं बोलणार. तसं तो क्वचितच बोलला. पण हे जंगलाच्या लक्षात यायला फार वर्षं गेली.

मुलांनो, तो धनेश म्हणजे मीच. दुसऱ्याची म्हणून ही गोष्ट सांगायचा विचार होता. पण आमची द्वारका म्हणाली, "अहो, नाव लपवाल, चोच कुठे लपवाल?" तेव्हा सरळ माझीच सांगतो. मांडी घालून बसा. ज्यांना मांडी नाही त्यांनी नुसतं बसावं.

आमच्या जंगलात ओढ्यापलीकडे एक झुडूप उगवतं. त्याला बोंडं येतात. त्यांना निजबोंड म्हणतात. अर्धं खाल्लं तर दुखणं थांबतं. एक खाल्लं तर झोप येते. दोन-तीन खाल्ली तर झोप इतकी गाढ लागते की खाणारा श्वास घ्यायचंच विसरतो. माणूस काय, प्राणी काय, पुष्कळ गोष्टी विसरतात आणि त्यांचं चालून जातं. या एका विसरण्यात मात्र चालून जात नाही.

यावर उतारा होता. उठवणी नावाच्या वेलीच्या मुळीचा रस. पडलेल्याच्या नाकात दोन थेंब सोडायचे. तो धडपडून उठतो, ओकतो आणि समोर दिसेल त्याला शिव्या देतो. शिव्या दिल्या म्हणजे वाचला असं समजायचं.

ही मुळी फक्त मुंगसांना ओळखू येते. आमच्याकडे केरूशेठ मुंगूस ती खणून काढायचे, रस काढायचे आणि शिंपल्यात भरून विकायचे. एका शिंपल्याचा भाव साठ आठळ्या. फणसाच्या साठ आठळ्या म्हणजे एका खारीची सगळ्या पावसाळ्याची बेगमी. त्यामुळे व्हायचं काय, की ज्यांच्या ढोलीत शिंपला असायचा ते पडायचे नाहीत, आणि जे पडायचे त्यांच्या ढोलीत शिंपला नसायचा.

आमच्या जंगलात साळूबाई नावाची साळिंदर सुईण होती. अंगभर काटे, पण अर्ध्या जंगलाला तिने जन्माला घातलं आणि एकाही बाळाला ओरखडा आला नाही. त्या वर्षी जन्मणाऱ्यांपेक्षा पडणाऱ्यांकडेच तिची धावपळ जास्त झाली. नऊ जण गेले. शेवटी ती वाघमहाराजांच्या दरबारात उभी राहिली.

"महाराज," ती म्हणाली, "एकेकाने एकेक शिंपला घेतला तर साठ पडतात. दरबाराने सगळ्यांसाठी एकदम हजार घ्यावेत. घाऊक घेतलं की भाव उतरतो. आणि मग प्रत्येक पाणवठ्यावर एकेक शिंपला टांगून ठेवावा. ज्याला लागेल तो वापरेल."

महाराजांनी जांभई दिली. महाराजांना एखादी गोष्ट पटली की ते जांभई देत. नाही पटली तरी देत. त्यामुळे त्यांनी समिती नेमली.

अध्यक्ष कोण? दरबाराने सगळीकडे पाहिलं. सगळ्यांत मोठी चोच माझी होती.

मुलांनो, त्या दिवशी मी घरी उडत गेलो नाही, तरंगत गेलो. आमच्या घराची तेव्हा वेगळी परिस्थिती होती. धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी झाडाच्या ढोलीत जाते आणि दार चिखलाने लिंपून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत ती पिसंही टाकते, त्यामुळे तिला उडता येत नाही. पिल्लं मोठी होईपर्यंत नवऱ्याने आणलेल्या फळांवर तिचं आणि पिल्लांचं चालतं. द्वारका आत होती, दोन पिल्लं आत होती आणि मी बाहेर अध्यक्ष होतो.

"द्वारके, मी अध्यक्ष झालो!" मी फटीतून सांगितलं.

"उंबरं आणलीत?" आतून चोच बाहेर आली.

उंबरं राहिली होती.

समितीच्या कामाला मी लगेच लागलो. पहिल्या सभेत समितीचं नाव ठरवलं. दुसऱ्या सभेत ते बदललं. समितीत मी, कासवअण्णा आणि बोलवलं म्हणून साळूबाई. कासवअण्णा प्रत्येक गोष्टीला अनुमोदन देत, पण ते तोंडाबाहेर पडेपर्यंत आम्ही पुढच्या विषयावर गेलेलो असायचो.

"केरूशेठना बोलावून भाव विचारू या," साळूबाई म्हणाली.

"थांबा," मी म्हणालो. "भाव विचारायचा की नाही, हे आधी ठरवायला हवं. आणि त्याच्याही आधी एक नैतिक प्रश्न आहे. उतारा स्वस्त झाला, तर बोंडं खाणाऱ्यांना धाक राहील का? उद्या प्रत्येक जण म्हणेल, खा बिनधास्त, पाणवठ्यावर शिंपला आहेच!"

हे वाक्य मी रात्रभर घोळवलं होतं. मला ते फार आवडलं होतं.

"छत्र्या स्वस्त झाल्या म्हणून पाऊस वाढतो का हो?" साळूबाई म्हणाली.

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. उत्तर सुचलं नाही की मी नेहमी तसंच करतो.

अभ्यासासाठी म्हणून आम्ही दरबाराच्या खर्चाने एक शिंपला विकत घेतला. तो नमुना. त्याला मेण लावून तो माझ्यासमोर दगडावर ठेवला होता. त्याच्याकडे बघत आम्ही तिसरी सभा भरवली, आणि त्याच सभेत ते घडलं.

मल्हारी नावाचा एक गवा होता. दरबाराच्या नव्या पुलासाठी ओंडके ओढायचं काम त्याच्याकडे होतं. त्यात त्याची कंबर गेली. काम थांबलं तर चारा थांबणार. म्हणून तो सकाळी अर्धं बोंड खायचा आणि ओंडके ओढायचा. मग एक खायला लागला. मग किती, ते त्यालाही कळेना.

त्या दिवशी भर दुपारी सभेला आलेली साळूबाई मध्येच उठून गेली होती, ती धावत परत आली. तिचे सगळे काटे उभे होते.

"मल्हारी पडलाय ओढ्यावर! श्वास चालत नाही. तो शिंपला द्या!"

"हा?" मी विचारलं. "हा नमुना आहे."

"असू दे. द्या!"

"अहो, पण नमुनाच दिला तर आम्ही चर्चा कशावर करायची?"

मुलांनो, हे मी म्हणालो. खोटं सांगत नाही. याच चोचीने म्हणालो.

अर्थात मी दगड नव्हतो. नमुना तात्पुरता द्यावा असा ठराव मीच मांडला. कासवअण्णांनी अनुमोदन द्यायला मान कवचाबाहेर काढायला सुरुवात केली. साळूबाईने तेवढी वाट पाहिली नाही. तिने शिंपला उचलला आणि ती पळाली. पण आमचं बोलणं जेवढा वेळ चाललं होतं, तेवढा वेळ मल्हारीकडे नव्हता.

संध्याकाळी तिने शिंपला परत आणून दगडावर ठेवला. मेणही फोडायची वेळ आली नव्हती.  मी तो शिंपला जपून माझ्या सरकारी ढोलीत ठेवला आणि शोकप्रस्ताव लिहिला. शोकप्रस्ताव चांगला झाला होता. मल्हारीची बायको तानू समोर उभी होती. मी वाचत असताना ती माझ्याकडे नाही, दगडावरच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

घरी द्वारकेने विचारलं, "तुमच्यासमोर होता ना शिंपला?"

"तांत्रिक अडचण होती," मी म्हणालो.

तिने चोच आत ओढून घेतली. त्या दिवशी तिने उंबरं खाल्ली नाहीत.

आता माझी पाळी कशी आली ते सांगतो.

पाचव्या सभेनंतर मी चोचीत उंबरं घेऊन घरी निघालो होतो. उडता उडता पुढच्या भाषणाची तयारी चालली होती. विषय होता, 'संयम'. 'संयम म्हणजे समोर पाहून चालणे' असं वाक्य मनात जुळत होतं आणि समोर सागाची फांदी होती. मी तिच्यावर आपटलो. उजवा पंख खांद्यातून उखडल्यासारखा झाला.

पंखात कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण घरी तीन तोंडं बंद दाराआड होती. दिवसाला वीस फेऱ्या हव्यात. एक फेरी चुकली तर पिल्लं ओरडत. दोन चुकल्या तर ओरडायचीही थांबत, आणि ते जास्त वाईट. बगळेवैद्य म्हणाले, "अर्धं निजबोंड घ्या. औषध म्हणून."

मी अर्धं घेतलं. कळ गेली. काय सांगू! सगळं जंगल मऊ झालं. मी वीसच्या जागी बावीस फेऱ्या मारल्या.

आठ दिवसांनी अर्ध्याने भागेना. मी एक घ्यायला लागलो. मग सकाळी एक आणि संध्याकाळी एक. पण लक्षात घ्या, मी काही बोंडं खाणारा नव्हतो. मी आजारी होतो. बोंडं खाणारे म्हणजे ते दुसरे, ज्यांच्याविषयी मी समितीत बोलायचो. सहाव्या आणि सातव्या सभेत मी त्यांच्याविषयी फारच कळकळीने बोललो. बोलताना माझे डोळे मिटत होते. लोकांना वाटलं, मी भावुक झालोय.

द्वारकेला फटीतून माझा फक्त एक डोळा दिसायचा. एके सकाळी ती म्हणाली, "अहो, तुमचं बुबुळ मोहरीएवढं झालंय. काय खाताय तुम्ही?"

"दुखण्याचं औषध."

"किती?"

"मोजून," मी म्हणालो. मोजत मात्र नव्हतो.

त्या सकाळी गार वारा होता, पंख जास्त ठणकत होता. मी तिसरं बोंड खाल्लं. पहिली दोन केव्हा खाल्ली होती ते आठवेना, म्हणून ती धरली नाहीत. उंबरं चोचीत घेऊन घराच्या फांदीवर आलो. फट दिसली. फटीतून चोच बाहेर आलेली दिसली. मग फट लांब जायला लागली. खरं तर मी खाली चाललो होतो.

यापुढचं मी पाहिलेलं नाही. द्वारकेने पाहिलं. तिने आणि इतरांनी सांगितलं तसं सांगतो.

मी झाडाच्या बुंध्याशी पडलो, चोच मातीत रुतवून. उंबरं इकडेतिकडे घरंगळली. द्वारकेने हाका मारल्या. मी हललो नाही. तिने चिखलाचं दार आतून फोडायला घेतलं. तेच दार तिने स्वतः इतकं पक्कं लिंपलं होतं की साप आत येऊ नये. आणि दार फुटलं असतं तरी तिला पंखात पिसं नव्हती. म्हणून ती ओरडत राहिली. नुसती, "कुणीतरी या, कुणीतरी या." पिल्लंही ओरडायला लागली.

साळूबाई आली. तिने माझ्या छातीला कान लावला आणि आधी सरकारी ढोलीकडे पळाली. नमुना जागच्या जागी होता. मेणही तसंच होतं. आतला रस कधीच वाळून त्याची खपली झाली होती. एवढ्या सभा कुठला रस टिकणार?

मग ती केरूशेठच्या दुकानी धावली. तिच्याकडे चार आठळ्या होत्या.

"केरूशेठ, धनेश पडलाय. शिंपला द्या, बाकीच्या नंतर देते."

केरूशेठ वाईट नव्हते. पण ते हबकले. "साळूबाई, 'नंतर देतो' म्हणून नेलेले अकरा शिंपले अजून परत यायचेत. दिवसभर रानोमाळ हिंडावं तेव्हा एक मुळी हाती लागते. निम्मा रस गिऱ्हाईक यायच्या आत वाळतो. मी तरी काय करू?"

तोवर बुंध्यापाशी गर्दी जमली होती. कुणी माझी चोच मातीतून काढून आकाशाकडे केली. साळूबाईने शिकवलं होतं तसं माकडांनी माझी छाती दाबायला घेतली. खारींनी आपल्या बेगमीतल्या आठ आठळ्या केरूशेठच्या दुकानी आणल्या. बारा झाल्या.

तेव्हा तानू आली. तिच्या गळ्यात एक पोटली होती. तिने मान खाली केली आणि पोटली दुकानाच्या दगडावर ओतली. कुणी मोजल्या नाहीत. केरूशेठनीही मोजल्या नाहीत. त्यांनी शिंपला उचलून साळूबाईच्या हातात दिला आणि स्वतःही तिच्या मागे धावले.

दोन थेंब एका नाकपुडीत. काही नाही. आणखी दोन दुसऱ्या नाकपुडीत. द्वारका सांगते, तेवढ्या वेळात तिने आतल्या पिल्लांना गप्प केलं आणि स्वतःचा श्वास धरून ठेवला.

मग मी शिंकलो. ओकलो. डोळे उघडले आणि म्हणालो, "गणसंख्या पूर्ण आहे का?"

वर ढोलीत द्वारका रडत रडत हसायला लागली. त्या दिवशी आणि नंतरचे बरेच दिवस वीस फेऱ्या गर्दीने वाटून घेतल्या. चार खारींना मिळून एक उंबर वर न्यावं लागायचं.

तिसऱ्या दिवशी मला धड बसता यायला लागल्यावर मी दरबारात गेलो. अहवाल द्यायचा होता. अहवाल मी छान सुरू केला. "महाराज, प्रदीर्घ आणि सखोल अभ्यासाअंती..."

समोर तानू उभी होती. या वेळी ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. नुसती बघत होती.

पुढचं वाक्य पाठ होतं, पण ते बाहेर पडेना. शेवटी मी म्हणालो, "महाराज, मी तीन बोंडं खाल्ली आणि पडलो. मला यांनी उठवलं. मल्हारी पडला तेव्हा शिंपला माझ्यासमोर होता आणि मी तो दिला नाही. अभ्यास एवढाच झालाय."

 कासवअण्णा म्हणाले, "अनुमोदन." त्यांचं अनुमोदन वेळेवर आलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

महाराजांनी पुढचा पंजा चाटला. मग हळूच म्हणाले, "माझ्याही पंजात काटा मोडलाय, दोन वर्षं झाली. मीही घेतो अर्धं. माझ्या गादीखाली चार शिंपले आहेत." आणि पुढे म्हणाले, "मला वाटायचं, सगळ्यांच्याच गादीखाली असतील."

"सगळ्यांना गादी नाही, महाराज," साळूबाई म्हणाली.

केरूशेठना बोलावलं.

"हजार शिंपले एकदम घेतले तर काय भाव?" साळूबाईने विचारलं.

केरूशेठनी मिशा हलवल्या. "हजार? नक्की? परत फिरवणार नाही ना? मग मी रानोमाळ कशाला हिंडू? ओढ्याकाठी वेल रांगेत लावीन. घरचे सगळे कामाला बसतील. वाळून जायची भीती नाही. पंधरा."

"बारा," साळूबाई म्हणाली. "आणि शेजारच्या दोन जंगलांनाही मी विचारलंय. तेही आपल्यातच घेतील. तीन हजार."

"मग दहा!" केरूशेठ म्हणाले आणि आपणच दचकले. मग खुशीत येऊन माझ्याकडे वळले. "अध्यक्षसाहेब, एवढ्या सभा झाल्या. मला एकदाही कुणी भाव का नाही विचारला?"

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. का, ते तुम्हाला माहीतच आहे.

प्रत्येक पाणवठ्यावर शिंपले टांगले गेले, आणि वाळले की बदलले गेले. पहिल्या महिन्यात चौदा जण पडले आणि तेरा उठले. एक साळुंकी एकटीच होती, तिला कुणी पाहिलं नाही. उठलेल्यांपैकी दोघे पुन्हा पडले आणि पुन्हा उठले. 'पाहा, मी म्हणत नव्हतो?' असं म्हणायला माझी चोच उघडली होती. पण मीही उठलेल्यांपैकीच एक होतो, तेव्हा मिटली. बोंडं सुटायला मला चार महिने लागले. साळूबाईने अर्ध्यावरून पाववर आणलं, पाववरून चिमटीवर. कुणाला वाटलं असेल, अध्यक्ष एका निश्चयात सुटले. चुकीचं वाटलं. मी दोनदा चोरून खाल्लं आणि दोन्ही वेळा द्वारकेने पकडलं.

ज्या दिवशी दार फोडून द्वारका पिल्लांना घेऊन बाहेर आली, त्या दिवशी मी तानूकडे गेलो. ती ओढ्यावर पाणी पीत होती.  मी विचारलं, "तानूबाई, माझ्यासाठी तुम्ही का दिलंत? मी तर..."

तिने तोंड पाण्यातून वर काढलं.

"भीड नव्हती की उपकार नव्हता, अध्यक्षसाहेब. आमच्या यांच्यासाठी जमवत होते. रोज दोन, रोज तीन. अठ्ठेचाळीस झाल्या होत्या. बारा कमी पडल्या." तिने पुन्हा पाण्याला तोंड लावलं. "तुमच्या वेळी बारा आधीच जमल्या होत्या."

मुलांनो, तुम्ही म्हणाल, या गोष्टीचं तात्पर्य 'नशा करू नये' असं आहे. खरं आहे. ते तात्पर्य मी सातही सभांत मोठ्याने वाचून दाखवलं होतं. त्याने पडलेला एकही जण उठला नाही, मीसुद्धा नाही.

तात्पर्य : गरिबाचा जीव वाचवणं नेहमी फार महाग पडतं. ते स्वस्तात व्हावं असं वाटत असेल, तर आधी समितीच्या अध्यक्षाला झाडावरून खाली पडू द्यावं.